टेल्मिसार्टन ४० साठी नवा थर्ड पार्टी उत्पादक: प्रकल्प नोंदी, पुणे, २०२५

१४ मे

काम: टेल्मिसार्टन या रक्तदाबावरच्या औषधाच्या ४० मिग्रॅ साध्या गोळीसाठी नवा उत्पादक उभा करणं. आपल्यासाठी ती बनवणारा सध्याचा उत्पादक वर्षअखेर टॅब्लेट सेक्शन बंद करतो आहे. महिन्याची गरज १५ लाख गोळ्या, म्हणजे ५ लाखांच्या तीन बॅच. गोळीचं वजन २४० मिग्रॅ, बॅच १२० किलो, त्यात मूळ औषध २० किलो. पॅकिंग ॲल्यु-ॲल्यु (दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम फॉइल), दहाची स्ट्रिप.

गोळी कागदावर सोपी दिसते, शॉप फ्लोअरवर नाही. टेल्मिसार्टन पीएच ३ ते ९ या पट्ट्यात पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून ते सोडियम हायड्रॉक्साइड आणि मेग्लुमिनच्या अल्कधर्मी द्रावणात आधी विरघळवून घेतात आणि मग मॅनिटॉलवर (गोळीतली भरणीची पावडर) फवारतात. गोळीच्या पोटात राहिलेली ही अल्कली हवेतलं पाणी ओढते. पाणी शिरलं की गोळी मऊ पडते, फुगते, डिझोल्यूशन (ठरलेल्या वेळात गोळीतलं औषध विरघळणं) घसरतं. त्यामुळे उत्पादक निवडताना पहिला प्रश्न मशिनचा नाही, कोरड्या हवेचा. आणि हे सगळं काम येतंय ऐन पावसाळ्यात.

जबाबदारीबद्दल खरेदी विभागाच्या मनात अजून जुनं गणित आहे: ‘माल त्यांनी बनवला, दोष त्यांचा.’ १ मार्च २०२१ पासून औषध नियमांत मार्केटरही (दुसऱ्याने बनवलेला माल आपल्या नावाने विकणारा, म्हणजे आपण) गुणवत्तेला उत्पादकाइतकाच जबाबदार आहे, आणि दोघांत लेखी करार नसेल तर आपलं नाव लेबलवर छापताच येत नाही. ही दोन वाक्यं प्रकल्पाच्या पहिल्या पानावर चिकटवली.

यादीत तीन नावं. ‘अ’ शिरवळच्या बाजूला, ‘ब’ हिमाचलमधल्या बद्दीला, ‘क’ सोलापूर रस्त्यावर दौंड तालुक्यात.

२० मे

कागदपत्रांची चाळणी. जुनी प्रश्नावली ८४ प्रश्नांची होती आणि तिची उत्तरं तिन्ही ठिकाणाहून ‘हो’ अशीच येतात. ती कापून १९ प्रश्नांवर आणली. आता प्रत्येक प्रश्नाचं उत्तर म्हणजे एक कागद: ‘कॅलिब्रेशन होतं का’ ऐवजी ‘टॅब्लेट क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणी विभागाच्या) वजनकाट्याचं एप्रिलचं रोजचं कॅलिब्रेशन पाठवा’.

काय मागितलं आणि काय अडकलं:

फॉर्म २५ चं (औषध बनवण्याचं) लायसन्स आणि त्यासोबतची प्रॉडक्ट परमिशनची पूर्ण यादी. नुसतं लायसन्स बघून थांबू नये, आपली गोळी आणि आपली स्ट्रेंग्थ त्या यादीत स्वतः शोधावी. ‘ब’ कडे ४० मिग्रॅ आहे, पण बायोइक्विव्हॅलन्सचा (गोळी मूळ औषधाइतकीच शरीरात शोषली जाते याच्या अभ्यासाचा) अहवाल ज्या बॅचवर आहे ती दुसऱ्याच प्लँटमध्ये बनलेली. टेल्मिसार्टन बीसीएसच्या (विरघळणं आणि शोषण यांवरून केलेल्या वर्गीकरणाच्या) दुसऱ्या वर्गात येतं आणि एप्रिल २०१७ पासून दुसऱ्या आणि चौथ्या वर्गाला परमिशनसाठी हा अभ्यास लागतोच. त्यामुळे हा मुद्दा तोंडी उत्तरावर सोडता येत नाही.

डब्ल्यूएचओ-जीएमपी सर्टिफिकेट (उत्पादन पद्धती जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे असल्याचं): सोबतची प्रॉडक्ट यादी न जोडता पाठवायची पद्धत आहे. यादी मागून घ्यावी.

सुधारित शेड्यूल एम (औषध कारखान्यांसाठीचे उत्पादन-नियम): ‘अ’ ची उलाढाल २५० कोटींच्या वर, त्यामुळे त्यांची मुदत २०२४ च्या मध्यालाच संपली. ‘क’ लहान. लहान उत्पादकांना ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मुदतवाढ आहे, पण ती आपोआप नाही. फॉर्म ए भरून, सुधारणेचा आराखडा जोडून फेब्रुवारीच्या अधिसूचनेपासून तीन महिन्यांत अर्ज केला असेल तरच. ‘क’ ने पोचपावतीसह प्रत पाठवली. आराखड्यात एअर हँडलिंगचं काम ऑक्टोबरला दाखवलंय, ते आपल्या वेळापत्रकात धरावं लागेल.

ब्रँडनावासाठी फॉर्म ५१ चं हमीपत्र कोण भरणार हे तिन्ही ठिकाणी विचारलं. परमिशन उत्पादकाच्या नावावर असल्याने हमीपत्र तोच देतो, पण ट्रेडमार्कचा शोध आपण घ्यायचा.

२ जून

‘क’ चं ऑडिट, दिवस पहिला. पाऊस मे महिन्यातच सुरू झाल्यामुळे हवा भरपूर दमट, म्हणजे या गोळीच्या ऑडिटला उत्तम हवामान. कोरड्या फेब्रुवारीत बघितलेल्या आरएचच्या (हवेतल्या सापेक्ष आर्द्रतेच्या) आकड्यांना काही अर्थ नसतो.

कॉन्फरन्स रूममधलं प्रेझेंटेशन दुपारवर ढकललं. आधी डिस्पेन्सिंग, म्हणजे कच्चा माल मोजून देण्याची खोली. तिथे उभं राहिलं की प्लँटची सवय कळते. माणूस वजन आधी लिहितो का आधी करतो, काट्याची प्रिंट लगेच चिकटवली जाते का खिशात जाते, थर्मल पेपरच्या प्रिंटची सही केलेली झेरॉक्स घेतात का. थर्मल पेपर वर्षभरात पुसट होतो आणि बॅच रेकॉर्ड तर गोळीची मुदत संपल्यानंतरही वर्षभर वाचता यायला हवं. ‘क’ कडे झेरॉक्स घेतात.

कॉम्प्रेशन (दाणा दाबून गोळी बनवणं): २७ स्टेशनचं, म्हणजे २७ साच्यांचं, सिंगल रोटरी मशिन. ३० आरपीएमला ताशी ४८,६०० गोळ्या, म्हणजे ५ लाखांना सव्वादहा तास. हेच काम ‘अ’ चं ४५ स्टेशनचं डबल रोटरी तीन-सव्वातीन तासांत उरकेल. हा फरक नुसता वेगाचा नाही, कारण तेवढा वेळ दाणा हॉपरमध्ये उघडा राहणार. ‘क’ कडे जायचं तर कोरडी हवा सव्वादहा तास सलग टिकायला हवी.

म्हणून जिना चढून थेट सर्व्हिस फ्लोअरवर. डिह्युमिडिफायर सिलिका जेलच्या चाकाचा. चाकाच्या एका भागातून खोलीची हवा जाते आणि पाणी सोडते. दुसऱ्या भागातून गरम हवा जाते आणि जेल परत कोरडं करते. ही गरम हवा, म्हणजे रिॲक्टिव्हेशन, १२० अंशांच्या आसपास हवी. ती थंड पडली की चाक फिरत राहतं, पंखा चालू राहतो, आवाजही तोच, पण पाणी निघत नाही. लॉगबुकात या तापमानाचा रकाना आहे. २२ मे ते १ जून, ११ दिवस, तीन पाळ्या, ३३ नोंदी, सगळ्या ‘१२०’. एकदाही ११८ नाही, १२३ नाही. हीटर थर्मोस्टॅटवर चालू-बंद होतो, तेव्हा असं होणं शक्य नाही. मीटर न बघता लिहिलंय. फाइंडिंग (ऑडिटमधला दोष; मायनर, मेजर, क्रिटिकल असे चढते वर्ग): मायनर. खोलीचा आरएच चार्ट मात्र वेगळ्या रेकॉर्डरचा आणि खरा वाटतो. २८ ते ३३ टक्के, दार उघडल्याचे काटे स्पष्ट दिसतात.

भंगार यार्डही बघितलं. रिकाम्या ड्रमवरची लेबलं फाडलेली होती, छापील फॉइलचे तुकडे श्रेडरमधून गेलेले.

३ जून

‘क’, दिवस दुसरा. क्यूसी आणि क्लीनिंग व्हॅलिडेशन (मशिन धुतल्यावर आधीच्या औषधाचा अंश मर्यादेत राहतो याचा पुरावा).

एचपीएलसीवर (औषधाचं प्रमाण मोजणाऱ्या उपकरणावर) प्रत्येकाचा वेगळा लॉगिन, ऑडिट ट्रेल (कोणी काय केलं-पुसलं याची आपोआप नोंद) बंद करायचा अधिकार फक्त आयटीकडे. मागच्या तीन महिन्यांत अर्धवट सोडलेले रन ६, सहाही डेव्हिएशन (ठरल्यापेक्षा वेगळं घडलेल्याच्या) रजिस्टरमध्ये सापडले. कारणं साधीच: प्रेशर वाढलं, व्हायल रिकामी, वीज गेली. सहापैकी सहा जुळणं दुर्मीळ.

क्लीनिंगच्या हिशोबात चूक मोठी निघाली. आधीच्या औषधाचा अंश पुढच्या बॅचमध्ये दर किलोला जास्तीत जास्त १० मिग्रॅ हा त्यांचा निकष. हिशोबात पुढच्या बॅचचं वजन त्यांनी ४८० किलो धरलं, प्लँटमधली सर्वांत मोठी बॅच. धरायला हवी सर्वांत लहान, म्हणजे इथे आपली १२० किलो. लहान बॅचमध्ये तेवढाच अंश जास्त दाट होतो.

योग्य हिशोब: १० × १२० = १,२०० मिग्रॅ एकूण. सामायिक मशिनांचं क्षेत्रफळ १,५०,००० चौ. सेंमी. म्हणजे चौ. सेंमीला ८ मायक्रोग्रॅम, २५ चौ. सेंमीच्या स्वॉबला (नमुन्यासाठी पुसून घेतलेल्या भागाला) २०० मायक्रोग्रॅम. त्यांची मर्यादा ८०० होती, चौपट सैल. जुने निकाल काढून बघितले: सर्वांत वरचा ९५. त्यामुळे घाण सुटलेली नाही, पण ही नशिबाची गोष्ट. फाइंडिंग: मेजर. आरोग्याच्या निकषावरची मर्यादाही प्रत्येक औषधासाठी काढून दोन्हींपैकी कडक ती वापरा, असं कळवलं.

डेव्हिएशन रजिस्टर: वर्षात १९० बॅच, ६३ डेव्हिएशन. खरेदीवाल्यांना हा आकडा घाबरवणारा वाटला.

१२ जून

‘अ’ चं ऑडिट. इमारत बघण्यासारखी. इपॉक्सी फरशीवर ओरखडा नाही, गाऊनिंग रूममध्ये आरसा, बाहेर बाग. वर्षात ४१२ बॅच आणि डेव्हिएशन ९.

४१२ बॅचमध्ये ९ हा आकडा पाहिला तेव्हाच ऑडिटचा रोख बदलला. यंत्रं बंद पडतात, माणसं चुकतात, वीज जाते. हे कुठेतरी लिहिलं जात असणारच, रजिस्टरमध्ये नसेल तर दुसरीकडे. मेंटेनन्सच्या ब्रेकडाउन स्लिपा मागवल्या. त्याच वर्षात कॉम्प्रेशनच्या ३७. त्यातल्या २२ वेळा मशिनवर बॅच चालू होती. डेव्हिएशन त्यातलं एकही नाही.

एचपीएलसीवर ‘ट्रायल’ नावाचा फोल्डर. आत १४ इंजेक्शनं, नमुन्यांवर खऱ्या बॅचचे नंबर, वेळ अधिकृत रनच्या साधारण तासभर आधीची. याला एकच सरळ अर्थ आहे: आधी खासगीत बघायचं, मग नोंदीत घ्यायचं. उत्तर मिळालं की ‘सिस्टिम सेट होते का ते बघत होतो’. त्यासाठी स्टँडर्ड असतं, बॅचचा नमुना लागत नाही. फाइंडिंग: क्रिटिकल. पुढे जाण्याचा प्रश्नच नाही.

‘ब’ ला जाणं रद्द. बायोइक्विव्हॅलन्सच्या प्रश्नाला दोन आठवड्यांत उत्तर नाही, शिवाय स्टॅबिलिटीचं (गोळी साठवणुकीत टिकते का त्या चाचणीचं) काम बाहेरच्या लॅबला देतात ते प्रश्नावलीत लिहिलंच नव्हतं. ट्रक चालकाकडून कळलं.

२५ जून

निर्णयाची बैठक, भोसरी ऑफिस. ‘क’.

विरोध दराचा होता. ‘क’ चा दर स्ट्रिपमागे ३५ पैसे जास्त. महिन्याला दीड लाख स्ट्रिप, म्हणजे ५२,५०० रुपये. टेल्मिसार्टन राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत आहे, कमाल किंमत सरकार ठरवतं, त्यामुळे हे ३५ पैसे ग्राहकाकडून वसूल होणार नाहीत, खिशातूनच जाणार. हे खरं आहे आणि तसंच नोंदवलं. दुसऱ्या बाजूला ‘ट्रायल’ फोल्डर. त्याची किंमत पैशांत लावायचा प्रयत्न कुणी केला नाही.

गुणांकनाचा तक्ता केला होता, दहा निकष, प्रत्येकाला वजन. तक्त्यात ‘अ’ ७८, ‘क’ ७४. इमारत, मशिनं, क्षमता यांना गुण देणं सोपं असतं म्हणून त्यांना नकळत वजन जास्त पडतं. तक्ता बाजूला ठेवून एकच ओळ लिहिली: काही बिघडलं तर यांच्याकडून आपल्याला कळेल का आणि किती तासांत? पुढच्या वेळी तक्त्यात या ओळीला गुण नाहीत. उत्तर ‘नाही’ आलं की तिथेच उमेदवारी संपली.

तुकोबांची पालखी नुकतीच सोलापूर रस्त्यावरून पुढे सरकली आहे. ‘क’ कडे पुढची फेरी जुलैत.

८ जुलै

ऑडिटमधल्या दोषांवरची उत्तरं (कापा, म्हणजे दुरुस्ती आणि प्रतिबंधाचे उपाय) आली. क्लीनिंगचा हिशोब नव्याने, स्वॉबची मर्यादा २००, पद्धतीची संवेदनशीलता त्या खाली दाखवली. चांगलं काम. रिॲक्टिव्हेशनच्या लॉगबुकला उत्तर: ‘ऑपरेटरना प्रशिक्षण दिलं’, सोबत हजेरीपत्रक. स्वीकारलं.

क्वालिटी ॲग्रीमेंटचा मसुदा. दराचा करार वेगळा, हा वेगळा. एकात घातले की दर बदलताना क्वालिटीची कलमंही टेबलावर येतात. भांडण चार जागी झालं:

डेव्हिएशन कळवण्याची मुदत. त्यांचं म्हणणं तपास करून तीन दिवसांत. आपलं म्हणणं आधी फोन, त्याच पाळीत, कारण माहीत नसलं तरी. तपासाला पुढे ३० दिवस आहेतच. ठरलं: उत्पादनावर परिणाम होऊ शकेल असं काहीही, त्याच पाळीत फोन आणि २४ तासांत ईमेल.

ओओएस (मर्यादेबाहेरचा चाचणी निकाल) आला की पहिल्या टप्प्याचा लॅब तपास संपण्याआधी पुन्हा चाचणी नाही आणि पुन्हा चाचणीपूर्वी आपल्याला कळवायचं.

बदल: कच्च्या मालाचा पुरवठादार, ग्रेड, मशिन, जागा, पद्धत. ६० दिवस आधी लेखी. ‘ग्रेड’ हा शब्द त्यांना नको होता. ठेवला.

बॅच रिलीज: उत्पादनाचा रिलीज त्यांचा, बाजाराचा रिलीज आपला. बॅच रेकॉर्डची पूर्ण प्रत आल्याशिवाय ट्रक नाही. सुरुवातीच्या दहा बॅचना सगळी पानं तपासायची, पुढे बघू.

२८ जुलै

टेक ट्रान्सफर, म्हणजे जुन्या उत्पादकाकडची पद्धत नव्याकडे नेणं. जुन्या आणि नव्या प्लँटची मशिनं समोरासमोर मांडली. सगळ्यात मोठा फरक फ्लुइड बेडमध्ये (गरम हवेवर दाणा तरंगता ठेवून फवारायचं-वाळवायचं मशिन). ‘क’ चं भांडं मोठं, त्यामुळे १२० किलोत थर उथळ, फवाऱ्याचा नोझल वर राहतो आणि थेंब दाण्यावर पोचायच्या आधीच वाळतो. बारीक भुकटी वाढते. नोझल एक टप्पा खाली आणि फवाऱ्याचा वेग १५ टक्के जास्त, दोन रिकाम्या चाचण्यांनंतर ठरलं. दाण्यातल्या ओलाव्याची मर्यादा १.५ टक्के. दाणा जास्तीत जास्त ७२ तास ठेवायचा, दुहेरी पॉलिबॅगमध्ये, सिलिकाच्या पुड्यांसह.

चाचणी पद्धतीचं हस्तांतर: एकाच बॅचचे ६ नमुने दोन्ही लॅबमध्ये, ॲसेच्या (औषधाच्या प्रमाणाच्या) सरासरीत २ टक्क्यांपेक्षा कमी फरक हवा. आला ०.७. डिझोल्यूशनसाठी पीएच ७.५ चा फॉस्फेट बफर, ९०० मिली, पॅडल, ७५ आरपीएम. त्यांच्या बफरचं डीएरेशन (विरघळलेली हवा काढणं) नीट नव्हतं, गोळीवर बुडबुडे चिकटत होते. गरम करून व्हॅक्यूमखाली गाळायला सांगितलं.

२१ ऑगस्ट

पहिली व्हॅलिडेशन (पद्धत सिद्ध करण्यासाठीची) बॅच. रात्री ९.५० ला ‘क’ च्या क्यूए (गुणवत्ता हमी) प्रमुखांचा फोन: “कॉम्प्रेशनमध्ये आरएच ४६ गेलाय. मशिन थांबवलंय. कारण अजून माहीत नाही.”

घटनाक्रम, रेकॉर्डरवरून:
२.०० वाजता कॉम्प्रेशन सुरू.
८.२० ला आरएच चढायला लागला.
८.३२ ला ३५ ची मर्यादा ओलांडली.
९.०२ ला अलार्म.
९.०५ ला मशिन बंद.

८.२० पर्यंत साधारण ३,०७,८०० गोळ्या झाल्या होत्या, ९.०५ पर्यंत ३,४४,२५०. गोळ्या १० किलोच्या ड्रममध्ये भरतात, ड्रमला सुमारे ४१,६६७. म्हणजे आठवा ड्रम भरत असताना चढ सुरू झाला आणि नववा थोडा भरला तेव्हा थांबलं. ड्रम १ ते ७ बंद, टॅग लावलेले, चढ सुरू होण्याआधीच खोलीबाहेर गेलेले. ८ आणि ९ होल्डवर, मिळून १२.६ किलो. हॉपरमधला दाणा ६ किलो, ओलावा २.१ टक्के: नाकारला. बंद बिनमधला ३१ किलो, ओलावा १.३ टक्के.

फोनवर एवढंच ठरवलं: बिन सील करा, ८ आणि ९ वेगळ्या खोलीत, कुणीही पुन्हा वाळवायचं नाही. पुन्हा वाळवण्याचा मोह इथे नेहमी होतो. ओलावा आकड्यात परत येतो, पण अल्कलीने एकदा पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड धरला की गोळीच्या आतला पीएच पूर्वीचा राहत नाही. डिझोल्यूशन तिथेच मार खातं, कधी लगेच, कधी सहा महिन्यांनी स्टॅबिलिटीत.

२३ ऑगस्ट

‘क’ कडे जाऊन पाहणी. रिॲक्टिव्हेशनच्या तीन हीटर बँकांपैकी दोनचे काँटॅक्टर (हीटर चालू-बंद करणारे विजेचे स्विच) जळालेले. गरम हवा १२० ऐवजी ७५ अंशांवर. पावसाळी हवेला तेवढं पुरत नाही.

काँटॅक्टर एकाच वेळी गेले नसावेत. पॅनेलमधलं कार्बन जमलेलं बघता पहिला बराच आधी गेला असणार, दोन बँकांवर कसंबसं चालत होतं. लॉगबुकात काय आहे? १ ऑगस्टपासून २१ च्या दुसऱ्या पाळीपर्यंत, ‘१२०’.

जूनमध्ये हाच रकाना आपण बघितला होता. मायनर दिला आणि उत्तर म्हणून हजेरीपत्रक घेतलं. वर्गवारी चुकली. खोटी नोंद कितीही लहान रकान्यात असली तरी ती ज्या यंत्राची आहे त्यावर उत्पादन अवलंबून असेल तर मेजर. आणि ‘प्रशिक्षण दिलं’ हे उत्तर यापुढे एकट्याने स्वीकारायचं नाही. रकान्याबद्दल ऑपरेटरशी बोलल्यावर खरं कारण निघालं: मीटर साडेसात फूट उंचीवर, डक्टच्या मागे. बघायला शिडी लागते, शिडी मेंटेनन्सच्या कुलपात. तीन पाळ्यांतली कुठलीही माणसं तिथे ‘१२०’ च लिहितील.

अलार्मलाही ३० मिनिटांचा उशीर लावलेला होता, कारण दार उघडलं की उगाच वाजायचा.

कामं: मीटर डोळ्याच्या उंचीवर आणा. तापमान रेकॉर्डरला जोडा, १०५ खाली गेलं की अलार्म. आरएच अलार्मचा उशीर ५ मिनिटं. ३५ वर ५ मिनिटं टिकलं तर मशिन आपोआप थांबेल असं इंटरलॉक. काँटॅक्टर दर सहा महिन्यांनी बदलायचे, जळायची वाट न बघता.

बॅच व्हॅलिडेशनमध्ये मोजायची नाही, विकायचीही नाही. ड्रम १ ते ७ आणि ८ मधले नमुने स्टॅबिलिटीला, तुलनेसाठी. खरेदी विभाग नाराज, २० किलो मूळ औषधाचा खर्च आहे. ‘क’ ने अर्धा उचलला.

२४ सप्टेंबर

गणपतीनंतर, ९, १२ आणि १६ तारखेला तीन व्हॅलिडेशन बॅच. आरएच तिन्हीत ३४ खाली.

दुसऱ्या बॅचचं डिझोल्यूशन, सहा गोळ्या, ३० मिनिटं: ८४, ८२, ७९, ८६, ८३, ८१. आपला क्यू (विरघळायला हवा तो टक्का) ७५, पहिल्या टप्प्याला प्रत्येक गोळी निदान ८० हवी. ७९ मुळे दुसरा टप्पा. बारांची सरासरी ८३, ६० खाली एकही नाही: पास. ‘क’ च्या लॅबने घाबरून हे ओओएस म्हणून नोंदवलं. तसं नाही, टप्पे फार्माकोपियातच (औषधांच्या अधिकृत मानक-ग्रंथातच) आहेत. पण नुसतं पास म्हणून सोडलंही नाही. ७९ ची गोळी शेवटच्या ड्रममधली, तिथे हार्डनेस ९८ न्यूटन. आपली मर्यादा ६० ते १००. शेवटी हॉपर रिकामा होत आला की भरण कमी होऊ नये म्हणून ऑपरेटर दाब वाढवतो. मर्यादा ६० ते ८५ केली, शेवटचा ३ किलो दाणा काढून टाकायचा.

लीक टेस्ट: ३०० मिमी पाऱ्याचा व्हॅक्यूम, रंगीत पाण्यात. पहिल्या बॅचला दोन स्ट्रिपमध्ये रंग गेला, दोन्ही एकाच पोकळीत. फॉर्मिंगच्या त्या एका पिनचं टोक झिजलेलं, फॉइल तिथे ताणून सूक्ष्म भोक. पिन बदलली, तो भाग पुन्हा तपासून वेगळा केला.

जीएसटी २२ सप्टेंबरपासून १२ वरून ५ टक्के. छापील फॉइलवरची एमआरपी जुनी. बाजारातल्या मालाला नवीन लेबल लावणं बंधनकारक नाही, दुकानदारापर्यंत सुधारित दरपत्रक पोचवून नव्या किमतीने विकलं गेलं पाहिजे. नव्या बॅचसाठी फॉइल नवीनच. जुनं फॉइल ‘क’ कडे मोजून नष्ट, दोघांच्या सह्या.

१७ ऑक्टोबर

विक्रीची चौथी बॅच. रेकॉर्ड तपासताना जोडलेल्या सीओएवर (चाचणी प्रमाणपत्रावर) मॅनिटॉलची ग्रेड वेगळी. पुरवठादार तोच, फार्माकोपिया तोच, पण पावडरऐवजी जाड दाण्याची. द्रावण ज्याच्यावर फवारायचं त्याचाच आकार बदलला. ‘क’ चं उत्तर: “दोन्ही आयपीच (भारतीय फार्माकोपियाप्रमाणेच) आहेत.” बरोबर, आणि म्हणूनच करारात ‘ग्रेड’ शब्द होता.

कारण शोधलं तर हेतू काही नव्हता. त्यांच्या सिस्टिममध्ये मॅनिटॉलला एकच आयटम कोड, खरेदीने उपलब्ध ती ग्रेड घेतली. आता ग्रेडनिहाय कोड. बॅच होल्डवर ठेवून दाण्याचा आकार, डिझोल्यूशनचा पूर्ण आलेख (१०, २०, ३०, ४५ मिनिटं) मागच्या तीन बॅचशी ताडला. फरक मर्यादेत. बॅच सोडली, स्टॅबिलिटीला घातली.

पहिली तिमाही गुणपत्रिका. वेळेवर पूर्ण पुरवठा चारपैकी तीन. बॅच रेकॉर्ड पहिल्याच फेरीत निर्दोष चारपैकी दोन. डेव्हिएशन ५, पाचही मुदतीत कळवलेली. मॅनिटॉलचं मात्र कळवलं नाही, आपण पकडलं. हा सहावा.

त्यांनी आपलीही गुणपत्रिका मांडली, आणि ती मुद्द्याची होती: ४५ दिवसांच्या आत मागणीचा अंदाज तीनदा बदलला, आर्टवर्कला मंजुरी द्यायला ११ दिवस. दोन्ही खरं. अंदाजाचे पहिले ४५ दिवस आता गोठवलेले. बदल हवा असेल तर दोन्हीकडच्या प्रमुखांची सही.

१९ नोव्हेंबर

मॉक रिकॉल, म्हणजे बाजारातून माल परत बोलावण्याची रंगीत तालीम. केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वांत गंभीर वर्गात २४ ते ७२ तासांत विक्री थांबली पाहिजे, म्हणून आपलं लक्ष्य ८ तास. सकाळी ९.३० ला बॅच नंबर सांगितला. ‘क’ कडून पाठवलेले शिपर (मोठे खोके) ९७, त्यांची माहिती ४० मिनिटांत. आपल्याकडे ९५ चा पत्ता दुपारी १.४० पर्यंत लागला. उरलेले दोन वाघोलीच्या डेपोत फोडून सुटे डबे छोट्या ऑर्डरींत गेलेले, बिलावर बॅचच्या जागी ‘मिश्र’. उत्पादकाकडे दोष नाही, आपल्याच डेपोत. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये बॅचचा रकाना आता रिकामा सोडता येत नाही.

१२ डिसेंबर

४० अंश आणि ७५ टक्के आरएचवर जवळपास तीन महिने झाले. तिन्ही व्हॅलिडेशन बॅच ठीक, डिझोल्यूशन ८१ ते ८८. ऑगस्टच्या बॅचचे ड्रम १ ते ७: ८० ते ८७. ड्रम ८: ६४, ७१, ६८, ७३, ६६, ७०. तयार झाल्या दिवशी याच ड्रमची सरासरी ८२ होती.

‘क’ चं एअर हँडलिंगचं काम ऑक्टोबरऐवजी नोव्हेंबरअखेर संपलं. नवीन एअरफ्लोचे अहवाल तपासले. प्रेशरच्या फरकात एक खोली उलटी दाखवते, कॉरिडॉरची हवा आत. दुरुस्ती चालू, ३१ तारखेपूर्वी पुन्हा मोजणी.

डिह्युमिडिफायरचं लॉगबुक, मागचे ३० दिवस: ११८, १२१, ११६, १२३, ११९ असे आकडे. ४ डिसेंबरच्या रात्रपाळीचा रकाना रिकामा, शेजारी पेनाने: ‘डिस्प्ले बंद. इन्स्ट्रुमेंटला कळवलं, ११.२०.’ ५ तारखेला दुपारी डिस्प्ले बदलल्याची स्लिप लावलेली आहे.

बाकी: जुन्या उत्पादकाकडचे राखून ठेवलेले नमुने ताब्यात घेणं, त्यांच्या जागेची नोंद शेवटच्या बॅचच्या मुदतीनंतर एक वर्षापर्यंत. काँटॅक्टर बदल फेब्रुवारीत, तारीख त्यांच्या पीएम (नियमित देखभाल) कार्डवर पाहिली. पुढचं ऑडिट जूनमध्ये, पाऊस लागल्यावर.